गप्प झालेला सर्व्हर

२२ डिसेंबर २०१२. नाताळच्या आधीचा शनिवार. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ज्या गिटहबवर ठेवतात, ती कंपनी तेव्हा पाच वर्षांचीही झाली नव्हती. कोडच्या फाइली ज्या सर्व्हरांवर असायच्या ते जोडीजोडीनं मांडलेले होते. जोडीतला एक कामावर, दुसरा राखीव. कामावरचा जे लिहील ते त्याच क्षणी राखीवाच्या डिस्कवरही उतरायचं. दोघांना मुद्दाम वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवलेलं होतं, म्हणजे एका रॅकची वीज गेली तरी दुसरा उभा राहावा. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती.

त्या दिवशी नेटवर्कच्या मुख्य स्विचांचं सॉफ्टवेअर बदलण्याचं ठरलेलं काम चालू होतं. ते बिनसलं आणि नेटवर्क सुमारे दीड मिनिट गोठलं. जोडीतले सर्व्हर एकमेकांना सतत ‘मी आहे’ असं कळवत असतात. ते कळवणं थांबलं. राखीव सर्व्हरला वाटलं, कामावरचा गेला. कामावरच्याला वाटलं, राखीव गेला. जोडीदार गप्प झाला तर आधी त्याची वीज तोडायची आणि मगच त्याचं काम हाती घ्यायचं, असं दोघांनाही शिकवलेलं. दोघांनी हुकूम सोडले. पण नेटवर्कच बंद, त्यामुळे त्यांतले काही हुकूम पोचलेच नाहीत. नेटवर्क सुटलं तेव्हा बऱ्याच जोड्यांमधले दोघंही स्वतःलाच कामावरचा समजत होते, आणि त्यांनी एकमेकांची वीज तोडली.

यात एकही डिस्क बिघडलेली नव्हती, एकाही रॅकची वीज गेलेली नव्हती. दीड मिनिटाच्या गप्पपणाचा अर्थ चुकीचा लागला, एवढंच. कंपनीनं साइट देखभालीसाठी बंद ठेवली आणि मध्यवर्ती नोंदी चाळून एकेका जोडीत आधी कामावर कोण होता हे माणसांकरवी शोधून काढलं. ज्याच्याकडे शेवटचं खरं लिखाण होतं त्यालाच आधी उठवायचं, नाहीतर शिळी प्रत ताज्या प्रतीवर बसायची. कित्येक तास या कामात गेले. पुढं कंपनीनं हा सगळा वृत्तांत स्वतःहून जाहीर केला, म्हणून आपल्याला तो माहीत आहे. या धंद्यातल्या ज्या थोड्या प्रथा इतर धंद्यांनी उचलाव्यात, त्यांतली ही एक.

*

मोठ्या कंपनीची गोष्ट म्हणून ती दूरची वाटेल. पण समजा, सांगलीसारख्या गावातली एक शिक्षणसंस्था आहे. एकाच सर्व्हरवर तिची वेबसाइट आणि तिथंच सगळ्यांचा मेल. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तो बसतो. दोन दिवस प्राचार्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचे फोन, मग कार्यकारिणीची बैठक, आणि ठराव: दुसरा सर्व्हर घ्या. पैसे मंजूर होतात. दुसरं यंत्र येतं, त्यावर तीच प्रणाली चढते, दोघांच्या पुढं येणारी गर्दी वाटून देणारा लोड बॅलन्सर बसतो. इथपर्यंतचं काम एका दुपारचं.

दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू होतात. विद्यार्थ्यानं गुणपत्रिका अपलोड केली ती पहिल्या सर्व्हरवर गेली; कारकुनानं उघडली तेव्हा त्याची मागणी दुसऱ्याकडे गेली, आणि तिथं ती फाइल नाहीच. कुणी लॉगिन करतं आणि पुढच्याच पानावर पुन्हा पासवर्ड मागितला जातो, कारण पीएचपीसारखी भाषा लॉगिनची खूण सवयीनं त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवते. मेल तर सकाळी दिसतो, दुपारी नाहीसा होतो, संध्याकाळी परत दिसतो. वेबसाइटचं प्रमाणपत्रही रुसतं. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था तपासणीसाठी एक छोटी फाइल साइटवर ठेवायला सांगते. फाइल ठेवली जाते एका सर्व्हरवर आणि तपासायला येणारा जातो दुसऱ्याकडे. यंत्रं दोन झाली, पण संस्थेची माहिती एकच राहायला हवी होती. ती दोन झाली.

सगळ्याच साइटांना हा त्रास होतो असं नाही, आणि हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. दहावीचा निकाल घ्या. पंधरा लाखांहून अधिक मुलं, त्यांचे पालक, मामा-मावश्या, सगळे दुपारी एकच्या ठोक्याला एकाच पानावर तुटून पडतात. भार प्रचंड, पण प्रश्न स्वभावानं सोपा. निकाल एकदा ठरला की कुणी त्यात काही लिहीत नाही, सगळे नुसते वाचतात. त्याच्या शंभर प्रती करून शंभर सर्व्हरांवर ठेवल्या तरी त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत म्हणून काही बिघडत नाही. शेअर्ड स्टोरेजची, म्हणजे अनेक सर्व्हरांनी एकच माहिती सामायिक वापरण्याची, खरी डोकेदुखी सुरू होते ती लिहिण्यापासून. निकालाच्या दिवसापेक्षा सांगलीच्या संस्थेचा मंगळवार तांत्रिकदृष्ट्या जास्त अवघड असू शकतो तो यामुळेच.

*

या प्रश्नाचं पहिलं लोकप्रिय उत्तर कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्सनं दिलं. १९८४ च्या सुमारास तिथं नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार झाली आणि १९८५ मध्ये रसेल सँडबर्ग व सहकाऱ्यांनी तिच्यावर निबंध वाचला. कल्पना साधी आहे. डिस्क एका यंत्रात. बाकीच्या यंत्रांना मात्र ती आपलीच वाटावी. सननं तिचे नियम इतरांना खुले केले, त्यामुळे ती सगळीकडे पसरली आणि चाळीस वर्षांनंतरही जगातल्या असंख्य सर्व्हरांवर चालू आहे.

तिच्या मूळ रचनेचं मला अजून कौतुक वाटतं. फाइल देणाऱ्या सर्व्हरनं काहीच लक्षात ठेवायचं नाही: कुणी कोणती फाइल उघडली आहे, कोण कुठवर वाचून आलं आहे, काहीच नाही. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असते: अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, इतके बाइट. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी त्याला आठवण्यासारखं काही नसतं. मागणारं यंत्र तीच मागणी उत्तर मिळेपर्यंत करत राहतं. समोरचा मेला की नुसता गप्प आहे, हे ठरवायची पाळीच कुणावर येत नाही.

पण या वाट पाहण्याला अंत नाही. जुन्या सिस्टिम अ‍ॅडमिनांना पडद्यावरची ती ओळ तोंडपाठ असते: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग. ज्या प्रोसेसनं एनएफएसवरची फाइल मागितली ती तिथंच अडकते आणि बरीच वर्षं तर तिला मारायची सोयसुद्धा नव्हती. सर्वांत कडक किल दिला तरी ती हलायची नाही. लिनक्समध्ये अशा अडकलेल्या प्रोसेस ‘लोड’च्या आकड्यात मोजल्या जातात. त्यामुळे प्रोसेसर निवांत बसलेला आणि लोड मात्र तीनशेवर, असं दृश्य दिसतं. नवखा माणूस वेब सर्व्हरच रीस्टार्ट करत बसतो. बिघाड असतो तिसऱ्याच खोलीत.

सांगलीच्या संस्थेनं एनएफएस घेतली तर हिशेब असा होतो. दोन वेब सर्व्हर, दोन मेल सर्व्हर, आणि चौघांच्या फाइली पाचव्या यंत्रावर. पूर्वी एकुलतं एक यंत्र गेलं की दोन्ही सेवा जायच्या. आता पाचवं गेलं की चारही एकदम जातात. पैसे पाचपट आणि भरवसा पूर्वीइतकाच, किंबहुना कमी. विक्रेत्यांच्या सादरीकरणात हे पाचवं यंत्र चित्राच्या तळाशी छोट्याशा डब्यात काढलेलं असतं. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं की त्याच्याशेजारी दुसरा डबा काढला जातो. आणि मग आपण पुन्हा गिटहबच्या त्या जोड्यांपाशी येऊन पोचतो.

शिवाय ताजेपणाचा प्रश्न आहेच. एनएफएस वापरणारं यंत्र दर वेळी मूळ सर्व्हरला विचारत नाही. फाइल कधी बदलली ही माहिती ते स्वतःजवळ जपून ठेवतं. सर्वसाधारण मांडणीत ही जपणूक तीन सेकंदांपासून साठ सेकंदांपर्यंत चालते. वेबसाइटवरच्या फोटोला एवढा उशीर चालतो. मेलबॉक्सला चालत नाही.

*

पाचव्या आणि सहाव्या यंत्राची जोडी करण्याचं सर्वांत प्रसिद्ध मोफत साधन व्हिएन्नातून आलं. फिलिप राइस्नर हा तिथल्या तंत्रविद्यापीठाचा विद्यार्थी. २००० च्या आसपास पदवीच्या प्रबंधासाठी त्यानं डीआरबीडी लिहिलं, पुढं लिनबिट ही कंपनी काढली, आणि २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्स २.६.३३ मध्ये ते मूळ कर्नलचाच भाग झालं. गिटहबच्या जोड्यांमध्ये हेच होतं.

डीआरबीडी फाइल सिस्टिमच्याही खाली काम करतं. त्याला फाइल, फोल्डर, मेल यांतलं काही कळत नाही. डिस्कच्या अमुक खान्यात अमुक बाइट लिहिले गेले, एवढंच कळतं, आणि तेवढंच ते जोडीदाराकडे पाठवतं. पाठवण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात आपल्या डिस्कवर लिहून झालं आणि निरोप नेटवर्कच्या रांगेत टाकला की काम झालं असं मानायचं. दुसऱ्यात तो जोडीदाराच्या मेमरीत पोचेपर्यंत थांबायचं. तिसऱ्यात त्याच्या डिस्कवर उतरल्याची पोच आल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. बहुतेक जण तिसरा प्रकार निवडतात, आणि प्रत्येक लिखाणाबरोबर थोडा वेळ मोजतात.

राखीव बाजूची डिस्क एरवी कुणाला उघडता येत नाही, आणि ते बरंच आहे. साधी फाइल सिस्टिम दोन यंत्रांनी एकाच वेळी उघडून लिहायला घेतली, तर प्रत्येक यंत्र आपल्याच मेमरीतल्या नकाशावर विसंबून लिहितं आणि थोड्याच वेळात डिस्कचा चिखल होतो. दोघांनाही एकदम लिहू देणाऱ्या खास फाइल सिस्टिम आहेत: ओरॅकलची ओसीएफएस-२, मिनेसोटा विद्यापीठात जन्मून रेड हॅटकडे आलेली जीएफएस. त्या चालतात, पण प्रत्येक फाइलसाठी आधी जोडीदाराची परवानगी घेण्यात त्यांचा वेळ जातो, आणि हजारो बारीक फाइलींच्या मेलबॉक्सवर तो फारच जाणवतो. छोट्या संस्थेला मी त्यांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

जोडीतला दुवा तुटला आणि दोघंही कामावर आले, तर त्याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. यातून बाहेर पडायची डीआरबीडीची रीत निष्ठुर आहे. दुवा परत आला की दोघं एकमेकांचा इतिहास ताडून पाहतात, दोघांकडेही दुसऱ्याला माहीत नसलेलं लिखाण सापडतं, आणि ते पुन्हा जोडून घ्यायला नकार देतात. मग माणसानं ठरवायचं. ज्या यंत्राचं लिखाण फेकायचं त्याच्यासमोर बसून एक आज्ञा टाइप करायची. तिच्यातच ‘डिस्कार्ड माय डेटा’ असे शब्द आहेत. म्हणजे दुवा तुटलेला असताना या बाजूला आलेले मेल, अपलोड झालेल्या गुणपत्रिका, भरलेले अर्ज, सगळं गेलं. दोन्ही बाजूंचं एकत्र करता येत नाही, कारण डीआरबीडीला मेल आणि अर्ज दिसतच नाहीत, त्याला फक्त खाने दिसतात.

हे टाळण्यासाठीच तो वीज तोडण्याचा नियम. त्याचं व्यावसायिक नाव स्टॉनिथ. समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचं ते लघुरूप. सभ्य लोक फेन्सिंग म्हणतात. तर्क बिनतोड आहे: समोरचा मेला की गप्प आहे हे मला कळू शकत नाही, तर मी तो मेलेलाच आहे याची खात्री करून घेतो. पण गोळी झाडायलाही वाट लागते. ती वाट बहुधा सर्व्हरच्या आत बसवलेल्या देखरेखीच्या कार्डातून जाते आणि ते कार्ड त्याच सर्व्हरच्या विजेवर चालतं. समोरच्याची वीज खरंच गेली असेल तर कार्डही मेलेलं असतं, ‘मारला’ अशी पोच येत नाही, आणि उरलेला सर्व्हर पोच मिळेपर्यंत काम हाती घेत नाही. ज्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप केला नेमका तोच प्रसंग आला आणि राखीव गडी हात बांधून उभा!

पुण्यातल्या अनेक इंजिनिअरांना हा विषय पुस्तकापलीकडे माहीत आहे. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं आणि बँका, टेलिफोन कंपन्या यांच्या डेटा सेंटरांत चालणारं तिचं क्लस्टर सॉफ्टवेअर बनवण्यात तिथल्या लोकांचा हात होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये फेन्सिंग वेगळ्या पद्धतीनं होतं. माहिती न ठेवलेल्या तीन छोट्या डिस्का दोन्ही सर्व्हरांना जोडायच्या. दुवा तुटला की दोघांनी त्यांच्याकडे धाव घ्यायची. ज्यानं तीनांतल्या दोन आधी धरल्या तो जगला, दुसऱ्यानं मुकाट्यानं बाजूला व्हायचं. विषम आकडा महत्त्वाचा. दोघांच्या भांडणात बहुमत होत नाही, तिसरं मत लागतं. डीआरबीडीच्या नव्या आवृत्त्यांतही हीच सोय आली आहे आणि तिसरं यंत्र डिस्क नसलेलं, अगदी किरकोळ असलं तरी चालतं. माझ्या मते दोन सर्व्हर घेणाऱ्या संस्थेनं पहिला खर्च या तिसऱ्या किरकोळ यंत्रावर करावा. पण कोटेशनमध्ये ते कधी दिसत नाही.

एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञानं २००० मध्ये एका परिषदेत मांडलेला सिद्धान्त यामागं आहे. सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये तो सिद्ध केला. नेटवर्क तुटलं की दोनांतली एकच गोष्ट निवडता येते: सगळीकडे एकच खरं उत्तर, किंवा सगळीकडून काहीतरी उत्तर. तिसरा पर्याय विकत मिळत नाही. गिटहबला हा धडा २१ ऑक्टोबर २०१८ रोजी पुन्हा मिळाला, या वेळी डेटाबेसमध्ये. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक दुवा ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात व्यवस्थापक प्रणालीनं पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य नेमून टाकलं, आणि दोन्ही किनाऱ्यांवर परस्परांना ठाऊक नसलेलं लिखाण उरलं. ४३ सेकंदांचं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. कंपनीनं माहितीचा खरेपणा राखायचा म्हणून सेवा अर्धवट चालवली. त्या निवडीचं मला मोल वाटतं.

*

आता मेल. वेबसाइटची माणसं मेलला जुनाट समजतात. शेअर्ड स्टोरेजच्या बाबतीत मात्र मेलवाल्यांचा अनुभव जास्त खोल आहे.

मेल पोचवण्याचा भाग मुळातच शहाणपणानं बांधलेला आहे. जॉन पोस्टेलनं १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम लिहिले. मेल घेणारा सर्व्हर गप्प असेल तर पाठवणाऱ्यानं मेल आपल्याकडे ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करायचा. आजचे नियम सांगतात की निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये. म्हणजे सांगलीचा सर्व्हर शनिवारी दुपारी बसला आणि रविवारी रात्री उठला, तर बाहेरून आलेला मेल सहसा हरवत नाही, उशिरा येतो. इथंही गप्पपणाचा अर्थ लावायचा नाही, वाट पाहायची. आणि इथं वाट पाहणाऱ्यामुळे दुसरं कुणी अडून राहत नाही.

अवघड भाग आहे तो पोचलेला मेल ठेवण्याचा. जुन्या युनिक्समध्ये माणसामागं एकच लांबलचक फाइल असे, एमबॉक्स. नवा मेल शेवटी जोडायचा, जुना काढला तर पूर्ण फाइल पुन्हा लिहायची. मेल आणणारा प्रोग्रॅम आणि मेल वाचणारा प्रोग्रॅम एकाच वेळी त्यात शिरले तर दोन मेलांचं एकच कडबोळं व्हायचं, म्हणून कुलूप. आपल्याकडं सातबाऱ्यावर सामायिक विहिरीची नोंद असते आणि भाऊबंद पाळीनं पाणी घेतात. पाळी चालू असलेला भाऊ मोटरघराला कुलूप घालून परगावी निघून गेला, की दुसऱ्याची पंचाईत होते. कुलूप फोडावं तर तो अर्ध्या तासात परत यायचा, न फोडावं तर ऊस वाळायचा. कुलूप घेतलेला मेल सर्व्हर मध्येच बंद पडला की दुसऱ्यापुढं अगदी हाच पेच उभा राहतो. त्यात एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कुलपाची व्यवस्था मूळ रचनेबाहेरच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे होती आणि तिच्यावर विसंबलेल्यांचे मेलबॉक्स फाटत.

डॅनियल बर्नस्टाइन या अमेरिकी गणितज्ञानं १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिताना कुलूपच काढून टाकलं. त्याच्या मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही वेगळी फाइल. तीन फोल्डर: अजून लिहिला जात असलेला, नवा आलेला, आणि वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमनं हाताळलेला. फाइलच्या नावात वेळ, प्रोसेसचा क्रमांक आणि यंत्राचं नाव, त्यामुळे दोन यंत्रांनी एकाच क्षणी मेल टाकले तरी नावं जुळत नाहीत. मेल पहिल्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहून व्हायचा आणि मग एका फटक्यात दुसऱ्यात सरकायचा. मध्येच वीज गेली तर पहिल्यात अर्धवट फाइल उरते, ती कुणी वाचत नाही, काही काळानं झाडून टाकता येते. मेल पाठवणाऱ्याला ‘मिळाला’ अशी पोच गेलेली नसल्यानं तो पुन्हा पाठवतोच. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. एनएफएसवर दोन मेल सर्व्हर बिनधास्त चालू लागले ते यामुळे. या विषयात मी जे जे वाचलं-पाहिलं त्यात एवढ्या कमी साहित्यात एवढं काम करणारी दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

मात्र लोकांचे मेलबॉक्स वाढत गेले. पन्नास हजार मेलांचा मेलडिर म्हणजे पन्नास हजार फाइली, आणि एनएफएसवरून त्यांची नुसती यादी मागवणंही जड. फिनलंडच्या टिमो सिराइनेननं २००२ मध्ये आणलेल्या डव्हकॉटनं यावर सूची-फाइली ठेवायला सुरुवात केली. कोणता मेल कुठं, कुणाकडून, वाचला की नाही, सगळं सूचीत. वेग आला, आणि त्याच पावलानं सामायिक लिहिण्याचा प्रश्नही परत आला. दोन सर्व्हर एकाच माणसाची सूची एनएफएसवरून लिहू लागले की आधी सांगितलेला तो काही सेकंदांचा शिळेपणा नडायचा आणि सूची बिघडायची. डव्हकॉटनं त्यावर काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे: सर्व्हर दोन असोत की वीस, एका माणसाला सतत एकाच सर्व्हरकडे पाठवायचं. हे काम करणाऱ्या भागाचं नाव डायरेक्टर. डिस्क सगळ्यांची सामायिक राहिली, पण प्रत्येक मेलबॉक्स एका वेळी एकाच सर्व्हरच्या हाती गेला.

दुसरा उपाय डिस्क सामायिक न ठेवण्याचा. दोन मेल सर्व्हर, प्रत्येकाची आपली डिस्क, आणि मेलच्या पातळीवर एकमेकांना कळवायचं: हा मेल आला, हा वाचला, हा काढला. मेलबर्नची फास्टमेल कंपनी कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेल्या सायरस या मेल सर्व्हरवर हेच करते. डव्हकॉटमध्येही ती सोय होती. इथं स्प्लिट-ब्रेन झालं तरी सर्वनाश होत नाही, कारण या प्रोग्रॅमला मेल म्हणजे काय ते कळतं. दोन्हीकडे वेगवेगळ्या मेलांना एकच क्रमांक गेला असेल तर डव्हकॉट दोघांनाही नवा क्रमांक देऊन दोन्ही ठेवतं. वाचणाऱ्याला फार तर तोच मेल पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. डीआरबीडीनं एक बाजू फेकायला लावली असती.

गिटहबही शेवटी याच निष्कर्षाला आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं जाहीर केलं की डीआरबीडीच्या जोड्या मोडून प्रत्येक रिपॉझिटरी, म्हणजे एकेका प्रकल्पाचा कोड, तीन साध्या सर्व्हरांवर ठेवली जाते आणि प्रती तो कोड सांभाळणाऱ्या गिट या प्रोग्रॅमच्याच भाषेत एकमेकींशी जुळवल्या जातात. खान्यांची नक्कल करण्याऐवजी ज्या प्रोग्रॅमला मजकूर कळतो त्यानंच नक्कल करायची.

*

एक सोपा दिसणारा मार्ग छोट्या संस्था हटकून घेतात: आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे साधन एका बाजूच्या फाइली दुसऱ्या बाजूला नेऊन जुळवतं आणि एकेरी कामात त्याला तोड नाही. दर पाच मिनिटांनी इकडून तिकडे, तिकडून इकडे असं दुहेरी चालवलं की घोळ होतो. एक फाइल इथं नाही, तिथं आहे. मग ती इथून काढली गेली, की तिथं नव्यानं आली? नसण्यावरून हे कळत नाही. काढलेले फोटो परत उगवतात नाहीतर नवे फोटो पुसले जातात.

वेबच्या बाजूनं तरी आज याची गरज उरलेली नाही. कोड दोन्ही सर्व्हरांवर एकाच ठिकाणाहून चढवायचा, तो चालू असताना कुणी बदलायचा नाही. लॉगिनच्या खुणा डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या ठिकाणी. अपलोड झालेल्या फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये. अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये एस-थ्री सुरू केल्यापासून ही पद्धत रुळली आहे आणि तिथं फाइल दुरुस्त करत नाहीत, नवी ठेवतात. एवढं केलं की वेब सर्व्हरच्या डिस्कवर जपण्यासारखं काही उरत नाही.

आणि कितीही प्रती केल्या तरी बॅकअप वेगळाच लागतो. २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतल्या दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के लोकांचे मेलबॉक्स रिकामे दिसू लागले. प्रती अनेक डेटा सेंटरांत होत्या, पण दोष सगळ्या प्रतींपर्यंत पोचला होता. मेल परत आले ते टेपवरून, कारण कपाटातल्या टेपला नवी आवृत्ती चढत नाही. गिटहबसारखंच काम करणाऱ्या गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री राखीव समजून मुख्य डेटाबेसचाच फोल्डर पुसला गेला. तीनशे जीबीमधले साडेचार जीबी उरले, बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धडपणे चाललेली नव्हती, आणि वाचवलं ते सुमारे सहा तास जुन्या, दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीनं.

सांगलीच्या त्या संस्थेपुढं सध्या एक वेगळीच अडचण आहे. जानेवारी २०२५ मध्ये डव्हकॉटची २.४ ही आवृत्ती आली आणि तिच्या मोफत रूपातून डायरेक्टर आणि दोन सर्व्हर आपसांत जुळवण्याची सोय, दोन्ही काढून टाकण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीत हीच आवृत्ती आहे. म्हणजे दोन सर्व्हरांची जोडी लावून निवांत असलेल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला डेबियन बदलताना नव्यानं विचार करावा लागणार. डीआरबीडी आणि तिसरं मत, ही एक वाट. एनएफएस, आणि प्रत्येक मेलबॉक्सचा ठरलेला सर्व्हर, ही दुसरी. तिसरी म्हणजे एकच मेल सर्व्हर, दर तासाला दुसऱ्या इमारतीत जाणारा बॅकअप, आणि बाकी एसएमटीपीच्या चार दिवसांवर सोडून देणं. पाचशे मेलबॉक्सांच्या संस्थेसाठी मी तिसरी निवडेन. वाईटात वाईट म्हणजे एका तासाचा मेल जाईल, आणि तेवढं कार्यकारिणीला आधीच लेखी कळवून ठेवता येतं. पूर्ण मेल बॅकअपवरून उभा करायला किती तास लागतात, हे मात्र त्या अ‍ॅडमिननं प्रवेश सुरू व्हायच्या आत, एखाद्या रविवारी, घड्याळ लावून पाहायला हवं.